सकाळी ७ ला ३,०००, दुपारी १२:३० ला ८४,०००: मोजणी चुकली की शेवाळ हललं?

नाशिकरोडला राहणाऱ्या, एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय. ऑक्टोबरात ती प्रकल्पासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी गेली होती. साधारण ६ मीटर पाणी, एकच जागा, एकच होडी, वरच्या पाण्याची बादली. सकाळी ७ च्या नमुन्यात लिटरमागे ३,००० पेशी निघाल्या आणि दुपारी १२:३० च्या नमुन्यात ८४,०००. बहुतेक सगळ्या डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशी शेवाळाच्या एका गटातल्या, तपकिरी, कंबरेला खाच असलेल्या. मार्गदर्शक म्हणाले, मोजणी चुकली, पुन्हा कर. तिने तीनदा मोजलं, आकडे तेच. आता ती विचारते की यातला खरा आकडा कोणता धरायचा. शेवटी एक जोडप्रश्नही आहे: दिंडोरीकडच्या घरच्या शेततळ्यात सकाळी पाण्यावर हिरवी साय दिसते आणि दुपारनंतर नाहीशी होते, तोही हाच प्रकार का?

तुला तू म्हणते, चालेल ना? माझी नात तुझ्याएवढी आहे. पंचवीसेक वर्षं कोकणच्या खाड्यांमध्ये बाटल्या बुडवत काढली आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोडला येऊन राहिले. समुद्र सुटला, सूक्ष्मदर्शक काही सुटला नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत. पण सकाळचा आकडा तुला वाटतो तेवढा पक्का नाही, आणि आधी त्याचंच बोलू, कारण मार्गदर्शकांसमोर तू अडशील ती तिथेच. तू पेशी मोजायची १ मिलिलिटरची सेजविक-राफ्टर स्लाइड वापरली असणार आणि पाणी घट्ट न करता, बाटलीतून थेट भरलं असणार. म्हणजे लिटरला ३,००० याचा अर्थ काय? स्लाइडवर तुला ३ पेशी दिसल्या. तीन! त्याच स्लाइडवर तीनदा मोजलंस तर तीनच येणार, त्यात नवल नाही. दुसरी स्लाइड भरली असतीस तर १ आली असती, कदाचित ८ आल्या असत्या. दुपारच्या ८४ पेशी मात्र पुन्हा भरून मोजल्यास तरी ६५ ते १०५ च्या घरात राहतील. म्हणून '२८ पट वाढ' असं कुठे लिहू नकोस. आकडे ताणून तुझ्या विरुद्ध बाजूला नेले तरी ७ पटींचा फरक उरतो, आणि तेवढा पुरेसा आहे.

पुरेसा कशाला, ते बघ. ७ पट व्हायला जवळजवळ ३ वेळा दुप्पट व्हावं लागतं. या पेशींना एकदा दुप्पट व्हायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तुझ्या दोन नमुन्यांत अंतर साडेपाच तासांचं. तेवढ्यात तीन पिढ्या झाल्या असं म्हणणं म्हणजे सकाळी लावलेल्या द्राक्षाच्या काडीला दुपारी घड लागले म्हणण्यासारखं आहे. पेशी वाढल्या नाहीत. त्या होत्याच, फक्त तुझी बादली पोचत नाही अशा खोलीवर होत्या.

साधा हिशेब घाल. समज, ६ मीटर पाण्यात पेशी सगळीकडे सारख्या पसरल्यात, लिटरला २०,०००. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तर घनमीटरला २ कोटी, आणि एक चौरस मीटर पृष्ठभागाखालच्या अख्ख्या खांबात १२ कोटी. हेच १२ कोटी वरच्या एका मीटरमध्ये गोळा झाले तर तिथे लिटरला १,२०,००० भरतील आणि खाली जवळजवळ काही नसेल. खांबातला एकूण आकडा जागचा हललेला नाही. लासलगावच्या बाजार समितीत रात्री ९ ला जाऊन ट्रॅक्टर मोजले आणि 'यंदा कांद्याची आवकच नाही' असा अहवाल दिला, तर लोक हसतील. समुद्राच्या बाबतीत असे अहवाल लिहिले जातात आणि कुणी हसत नाही. एक मीही लिहिलाय, तो पुढे सांगते.

आता या पेशी हलतात कशा. तुला कंबरेला जी खाच दिसली तिच्यात एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखा बारीक धागा, आडवी बसलेली असते, रिबनसारखी लाटा मारत. दुसरी मागे शेपटासारखी सुटलेली असते. आडवी पेशीला गरगर फिरवते आणि पुढेही रेटते, मागची जोर देते आणि दिशा सांभाळते. त्यामुळे पेशी सरळ न जाता स्क्रूसारखी वळत वळत जाते. वेग बहुतेक जातींचा सेकंदाला १०० ते ५०० मायक्रोमीटर, म्हणजे ढोबळपणे तासाला एक मीटर धर. हे ऐकून विद्यार्थी नाक मुरडतात, एवढंच? पण पेशी असते ४० मायक्रोमीटरची. तासाला १ मीटर म्हणजे स्वतःच्या लांबीच्या २५,००० पट. माणसाच्या उंचीच्या हिशेबात तासाला ४० किलोमीटरच्या वर, म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघून पोहत निफाड, तेही काकवीत पोहल्यासारखं, कारण एवढ्या लहान जीवाला पाणी तितकंच चिकट लागतं. हात थांबला की पुढे घसरत जाणं नाही, तिथल्या तिथे थांबणं. पेशी साखळीत राहणाऱ्या जाती, उदाहरणार्थ कोक्लोडिनियम, एकट्या पेशीपेक्षा जोरात जातात. एका रात्रीत दहा-पंधरा मीटर खाली आणि सकाळी परत वर, हा फेरा या मंडळींना अवघड नाही. तुझी जागा तर फक्त ६ मीटरची होती.

त्या उजेड बघून वर येतात असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. अर्धं खरं आहे. माझ्या पहिल्या चोवीस तासांच्या मोजणीत मला ज्याने चक्रावून टाकलं ते हे: पहाटे ४ च्या नमुन्यात, मिट्ट काळोखात, पेशी तळ सोडून निघालेल्या होत्या. आणि दुपारी चार-साडेचारला, चांगलं लख्ख ऊन असताना, परत खाली जायला लागलेल्या. उजेडच बघायचा तर पहाटे का निघाल्या आणि उन्हात का उतरल्या? उत्तर असं की त्यांच्या आत घड्याळ असतं. कॅलिफोर्नियात ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत वुडी हेस्टिंग्ज आणि बिट्रिस स्वीनी यांनी १९५० च्या दशकात गोन्यूलॅक्स पॉलिएड्रा या डायनोफ्लॅजेलेटवर काम केलं. त्याला आता लिंग्युलोडिनियम म्हणतात. ही जात रात्री हलवली की निळी चमकते. त्यांनी ती सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवली, दिवस-रात्र असं काही कळूच दिलं नाही, तरी चमक साधारण २४ तासांच्या तालावर दिवसेंदिवस वरखाली होत राहिली. वरखाली पोहण्याचंही असंच आहे. अंधारात झाकून ठेवलेल्या उंच नळकांड्यात पेशी काही दिवस वेळेवर वर येतात आणि वेळेवर उतरतात. उजेड हे घड्याळ रोज जुळवतो, चालवत नाही. वर कुठे आणि खाली कुठे, हे कळायला त्यांना गुरुत्वाकर्षण पुरतं.

कशासाठी एवढी यातायात? ऊन वर आहे आणि खत खाली आहे, म्हणून. पाणी शांत असलं की तापलेला हलका थर वर बसतो आणि थंड, जड पाणी खाली राहतं. वरच्या थरातलं नायट्रेट-फॉस्फेट काही दिवसांत संपतं, खालच्यात भरपूर असतं, पण तिथे उजेड नसतो. जो पोहू शकत नाही, त्याला दोन्हींतलं एकच मिळतं. डायाटम हे शेवाळ असंच, न पोहणारे आणि काचेच्या कवचाने जड, त्यांना घुसळलेलं पाणी लागतं. डायनोफ्लॅजेलेट दिवसा वर येऊन साखर बनवतात, रात्री खाली जाऊन अंधारातही नायट्रेट ओढून घेतात. ही अंधारातली ओढ सगळ्या शेवाळांना नीट जमत नाही. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन मार्गालेफ यांनी १९७८ मध्ये हे एका साध्या आकृतीत मांडलं: एका अक्षावर पाण्याची घुसळण, दुसऱ्यावर पोषकद्रव्यं. घुसळण जास्त आणि खत जास्त, तर डायाटमचं राज्य. घुसळण कमी पण खत टिकून, तर रेड टाइडचा, म्हणजे पाण्याला रंग आणणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या दाटीचा, कोपरा. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ती आकृती घाल.

भूकही या फेऱ्याला वळण देते. पोट साखरेने भरलं आणि नायट्रोजन कमी पडला की पेशी लवकर उतरतात, खोल जातात. उलट असेल तर वरच रेंगाळतात. म्हणून एकाच खाडीत एका आठवड्यात फेरा ठसठशीत दिसतो आणि पुढच्या आठवड्यात पुसट. शिवाय ऐन दुपारचं ऊन सगळ्यांना मानवतं असं नाही. काही जाती १२ च्या सुमाराला मीटर-दोन मीटर खाली सरकून थांबतात. तुझ्या पेशी साडेबाराला अगदी वर होत्या, तर त्या दिवशी ढग असतील, पाणी गढूळ असेल, नाहीतर तुझी जातच ऊन सोसणारी असेल. वहीत आकाशाची नोंद आहे का? नसेल तर पुढच्या वेळी कर.

इथपर्यंत सगळं शांत टाकीतलं. कोकणची खाडी टाकी नाही, आणि मी तुझ्या मार्गदर्शकांच्या जागी असते तर विचारलं असतं ते मोजणीबद्दल नाही, भरतीबद्दल. सात ते साडेबारा, साडेपाच तास. खाडीच्या तोंडाशी तेवढ्यात भरतीची ओहोटी होते. तू सकाळी मोजलंस ते पाणी आणि दुपारी मोजलंस ते पाणी एकच होतं कशावरून? दोन्ही वेळचा खारेपणा बघ. दोन्ही वेळी ३३ च्या (किलोभर पाण्यात ३३ ग्रॅम मीठ) आसपास असेल तर 'पेशी हलल्या' या म्हणण्याला जोर आहे. सकाळी ३३ आणि दुपारी २५ असेल तर खाडीच्या वरच्या अंगाचं दुसरंच पाणी तुझ्या होडीखाली आलेलं आहे, आणि मग एवढ्या दोन नमुन्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण असं असेल तर तसंच लिही.

भरतीची एक खोड नवख्यांना फसवतेच. खाडीत होडी सुटते ती तांडेलाच्या सोयीने, म्हणजे भरतीच्या वेळेला. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे 'दर आठवड्याला भरतीला नमुना' असं ठरवलंस, तर पहिल्या आठवड्याला तू सकाळी ७ ला पाण्यात आणि पुढच्याला जवळजवळ १ ला. दर आठवड्याला खोली तीच, जागा तीच, भरती तीच, आणि शेवाळ एक आठवडा कमी, एक आठवडा जास्त, असा सुंदर पंधरवड्याचा आलेख निघतो. मग लोक त्याला उधाण-भांगाशी, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीच्या फेऱ्याशी, जोडून लेख लिहितात. त्यातलं किती उधाणाचं आणि किती घड्याळाचं, ते एकाच वेळेवर नमुने घेतल्याशिवाय वेगळं काढता येत नाही.

पण या भरतीचाच शेवाळ उपयोगही करून घेतं. खाडीत वरचं, कमी खारं पाणी एकुणात समुद्राकडे सरकत असतं आणि तळाचं खारं पाणी आत. दिवसभर वर राहिलेली पेशी बाहेर वाहते, रात्री तळाशी उतरली की परत आत येते. जी सतत वरच राहील ती चार दिवसांत समुद्रात गेलेली असेल. वरखाली करणारी खाडीतच राहते. एवढीशी पेशी ओहोटीला पोहून हरवू शकत नाही, पण कधी कुठल्या मजल्यावर असायचं ते निवडू शकते.

ऑक्टोबराचं आणखी एक. पावसाळा संपता संपता खाडीत वर गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. अनेक डायनोफ्लॅजेलेट खारेपणाच्या अशा तीव्र पायरीशी येऊन थांबतात, वर घुसत नाहीत. म्हणजे भर दुपारी पृष्ठभागावर शून्य आणि दीड मीटरवर दाट पट्टा. बादलीने घेणारा म्हणणार, पाणी स्वच्छ आहे. खाऱ्या वाऱ्यांचंही असंच. दुपारी एक-दोननंतर समुद्राकडून वारा सुटला की वरचे मीटर-दोन मीटर घुसळून निघतात आणि दाट झालेला थर पातळ होतो. रात्रीच्या मतलई वाऱ्यात आणि सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात पाणी स्थिर असतं. म्हणून मला विचारशील तर कोकणात वरच्या पाण्याचा नमुना १० ते १२ मध्ये. त्याआधी पेशी वाटेत असतात, त्यानंतर वारा त्यांना विस्कटतो.

माझा अहवाल. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, खाडीचं नाव नको. गावात बायका ओहोटीला तिसऱ्या (शिंपले) काढायच्या, आणि दोन दिवस पाण्याला चहासारखा रंग येतोय अशी तक्रार होती. होडी ठरवून दिलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच भाड्यावर होता, मिळाला संध्याकाळी सव्वासहाला. मी मावळतीला वरून तीन नमुने घेतले, रात्री कंदिलाच्या उजेडात मोजले, लिटरला हजाराच्या आत. 'शेवाळाची दाटी आढळली नाही' असं लिहून दिलं आणि ते तसंच पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला बसस्टँडवर जाताना पुलावरून खाली बघितलं, तर पाणी असं होतं की त्यात चहाची पावडर ढवळलीय. पिशवीतली पाण्याची बाटली ओतून टाकली आणि दोरीने ती खाली सोडून नमुना घेतला. लिटरला दोन लाखांच्या वर. नशीब की जात विषारी निघाली नाही. पण ते मला आदल्या संध्याकाळी माहीत नव्हतं, आणि मी सही केलेली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदीत पेशींच्या आकड्याआधी घड्याळाची वेळ असते.

विषारी म्हटलं म्हणून थोडं. रंग आणि विष यांचा एकमेकांशी संबंध लावू नकोस. नॉक्टिल्यूका हे डायनोफ्लॅजेलेट पाणी लाल-हिरवं करतं, रात्री किनारा निळा चमकवतं, लोक मोबाइल घेऊन धावतात. ते स्वतः विष बनवत नाही, अमोनिया आणि ऑक्सिजनच्या तुटवड्याने मासे मारू शकतं, आणि ते पोहतही नाही, हलक्या रसाने भरलेला फुगा आहे तो. उलट डायनोफायसिस या दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या लिटरला काही शे पेशी असल्या, पाण्याचा रंग नेहमीसारखा असला, तरी शिंपल्यांमध्ये त्रास देण्याइतकं विष साठू शकतं. अलेक्झांड्रियम या तिसऱ्याचं सॅक्सिटॉक्सिन हे विष तर शिजवून जात नाही. शिंपल्याच्या मांसात किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम ही त्याची जगभर पाळली जाणारी मर्यादा आहे. आपल्याकडे १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिंपले खाऊन ७ माणसं गेली. तिसऱ्या, कालवं, खुबे पाणी गाळून खातात आणि विष साठवून ठेवतात. शेवाळ रात्री खाली गेलं म्हणून शिंपल्यातलं विष खाली जात नाही. उलट तळाशी बसलेल्या तिसरीला तेच रात्रीचं जेवण. म्हणून 'वरचं पाणी साफ आहे, खा बिनधास्त' हे वाक्य कुणी तुझ्या तोंडी घालायला लागलं तर घालू देऊ नकोस.

ज्यांचा धंदा यावर आहे ते हा फेरा पाठ करून बसलेत. जपानच्या सेतो समुद्रात १९७२ मध्ये शॅटोनेला या पोहणाऱ्या शेवाळाने पिंजऱ्यातले सुमारे १ कोटी ४० लाख यलोटेल मासे मारले. पुढे तिथल्या संशोधकांनी थर लावलेल्या उंच टाकीत दाखवून दिलं की हे शेवाळ रात्री खाली उतरून खत घेतं आणि दिवसा वर येतं. दक्षिण कोरियात कोक्लोडिनियमवर १९९६ पासून त्याला तळाशी बसवणारी पिवळी माती फवारतात. ती टाकतात दिवसा, पेशी वर जमलेल्या असताना. रात्री टाकली तर माती पाण्यात, पैसा पाण्यात. शक्य असेल तिथे पिंजरे दिवसा खाली सोडतात. मासा खाली, शेवाळ वर.

उपकरणांबद्दल एकच इशारा, कारण तुझ्या विभागात नवीन फ्लोरोमीटर (पेशींवर उजेड टाकून त्यांची परतीची चमक मोजणारं यंत्र) आला असेल तर सगळे त्याच्यामागे असतील. कडक उन्हात पेशी जादा उजेड उष्णतेत घालवतात आणि कमी चमकतात. त्यामुळे दुपारी १२ ला पेशी वर खच्चून भरलेल्या असतानाच हा फ्लोरोमीटर कमी आकडा दाखवतो. सकाळी जास्त, दुपारी कमी, म्हणजे तुझ्या बादलीच्या बरोबर उलटं! अशा वेळी स्लाइडवर विश्वास ठेव. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून उपग्रहावरून शेवाळाच्या दाटीची माहिती मिळते, मी ती बघतेच. पण आपला ओशनसॅट दुपारच्या सुमाराला वरून जातो आणि गढूळ किनारी पाण्यात त्याला वरचा मीटरभरच थर दिसतो. पट्टा दीड मीटरवर असला तर उपग्रहाला तो नाही.

आता पुढच्या फेरीला काय करायचं. द्राक्षबागायतदार देठ परीक्षणाला देठ कधीही तोडून पाठवत नाही, छाटणीनंतर कितवा दिवस आणि कितवं पान हे ठरलेलं असतं. तीच शिस्त. ठरलेल्या खोलीवर बंद होणारी महागडी निस्किन बाटली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर इथल्याच एखाद्या ठिबकच्या दुकानातून १ इंची पारदर्शक नळी ७ मीटर घे. एका टोकाला शिशाचं वजन आणि बारीक दोरी बांध, दुसऱ्या टोकाला कॉक लाव. कॉक उघडा ठेवून नळी सरळ, सावकाश खाली सोड. घाईने सोडलीस तर आत पाणी बाहेरच्या पातळीला येत नाही आणि थर ढवळले जातात. ५ मीटर आत गेली की कॉक बंद कर, दोरीने खालचं टोक आधी वर ओढून घे, आणि बादलीत रिकामी कर. सुमारे अडीच लिटर पाणी निघतं, वरपासून ५ मीटरपर्यंतच्या प्रत्येक मजल्याचं. या मिसळलेल्या पाण्यातला आकडा सकाळी आणि दुपारी जवळपास सारखा आला, आणि वरच्या बादलीतला बदलला, तर तुझं काम झालं. पेशी हलल्या हे सिद्ध करायला याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही. जमल्यास ६ ला, ९ ला, १२ ला, ३ ला, ६ ला, आणि हिंमत असेल तर रात्रभर दर ३ तासांनी. प्रत्येक वेळी पृष्ठभाग, १, ३ आणि ५ मीटर, सोबत तापमान, खारेपणा, पाण्याचा गढूळपणा बघायची सेकी तबकडी किती खोल दिसते ते, आणि भरती चढती की उतरती. दिवस भांगाचा निवड, उधाणाला खाडी फार खेचते.

बाटलीतही त्या पोहतात, हे विसरू नकोस. जिवंत नमुना अर्धा तास टेबलावर उभा राहिला की पेशी वरच्या कडेला आणि खिडकीच्या बाजूला जमतात. तू वरून पिपेट बुडवलीस की दुप्पट-तिप्पट आकडा, तळातून घेतलास तर काहीच नाही. तुझ्या ८४ पेशींत याचा वाटा नसेल अशी आशा आहे. म्हणून होडीतच पेशी मारून टिकवणारं लुगॉल आयोडीन टाक, १०० मिलिलिटरला १ मिलिलिटरच्या आसपास, रंग फिकट चहाचा झाला पाहिजे. फार गडद झाला तर पेशी ओळखू येत नाहीत, आणि शॅटोनेलासारख्या नाजूक पेशी लुगॉलने बिघडतात, म्हणून एक बाटली जिवंतही ठेव. भरण्याआधी बाटली हळूच वीसेक वेळा उलटीपालटी कर, झटकू नकोस. सकाळचं विरळ पाणी १ लिटरचं २० मिलिलिटरवर बसवून मग मोज. ३ च्या जागी १५० पेशी दिसतील आणि मार्गदर्शकांना बोलायला जागा राहणार नाही.

शेततळं. दिसायला तोच प्रकार, आतून वेगळा. हिरवी साय सांडलेल्या ऑइलपेंटसारखी दिसते, बोटात घेतली तर बारीक रवाळ दाणे लागतात, असं असेल तर ते बहुधा मायक्रोसिस्टिस, निळं-हिरवं शेवाळ. त्याला कशाभिका नाही, पोहता येत नाही. त्याच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यांनी ते तरंगतं. दिवसभर उन्हात साखर साठली की वजन वाढतं आणि ते बुडतं. रात्री साखर खर्च झाली की हलकं होऊन परत वर. म्हणून तुमच्या तळ्यात वारा पडलेल्या रात्रीनंतर सकाळी साय असते आणि उन्हं चढली की ओसरते, तर खाडीत तुझ्या पेशी सकाळी वर नव्हत्या आणि दुपारी होत्या. हा पोहणारा, तो वजन कमी-जास्त करणारा. साय सकाळी हिरवी आणि दुपारी विटेसारखी लाल होत असेल तर मात्र युग्लेना असू शकतो, ती निराळी गोष्ट. ओळखायचं तर उंच काचेच्या बाटलीत पाणी भरून सावलीत ठेव. तासा-दोन तासांत वर रंगाचा थर जमला तर मायक्रोसिस्टिसचा संशय धर. बाटलीला काळा कागद गुंडाळून एका बाजूला रुपयाएवढी खिडकी ठेव आणि उजेडाकडे कर. खिडकीशी हिरवा डाग जमला तर पोहणारं कुणीतरी आहे.

घरच्यांना दोन गोष्टी आज संध्याकाळीच सांग. सकाळची साय वाऱ्याने ज्या कोपऱ्यात लागते तिथे गुरांना पाणी पाजू नका. मायक्रोसिस्टिस यकृतावर जाणारं विष बनवू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे आणि दाट सायीत ती शेकडो पटींनी ओलांडली जाऊ शकते. आणि द्राक्षावरच्या बोर्डो फवारणीसाठी आणलेलं मोरचूद तळ्यात टाकू नका. आपल्याकडे प्रत्येक बागेत ते असतंच, आणि शेजारी सांगतोच की टाक, दोन दिवसांत पाणी साफ होईल. साफ दिसतं खरं. पण पेशी एकदम फुटतात आणि आतलं सगळं विष पाण्यात सुटतं, जे आधी निदान सायीतच होतं. ठिबकचा उपसा सायीच्या खालून आणि तळाच्या गाळाच्या वरून, मधल्या पाण्यातून ठेवा, म्हणजे फिल्टरही कमी चोंदतील.

तळ्याची बाटली भरलीस तर सकाळी ८ च्या आत, सायीच्या कडेची एक आणि मधली एक अशा दोन भर, झाकणावर वेळ लिही, आणि लुगॉल न टाकता घेऊन ये. बर्फात घालू नकोस, ओल्या फडक्यात गुंडाळलीस तरी दिंडोरीहून गंगापूर रोडपर्यंत टिकतात. बरोबर तुझी खाडीची वहीही आण, मला ते खारेपणाचे आकडे बघायचेत.